बाहेर आलेली खिडकी आत घेताना

सावेडीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या उत्तरेच्या भिंतीला जी खिडकी आहे, ती मला नगरमधली सगळ्यात जाणतेपणाने सजवलेली खिडकी वाटते. घर माझ्या मावशीचं आहे, म्हणून मत थोडं पक्षपाती धरायला हरकत नाही. पण तिच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस खिडकीकडे बघून ‘काम अजून चालू आहे का?’ असं विचारतो, आणि नेमकं तिथेच माझ्या मताला बळ मिळतं. तीन बाजूंना तीन वेगळ्या गोष्टी लटकलेल्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. नीट बघितलं तर मेळ आहे, फक्त तो कापडात नाही.

आधी खिडकीची बांधणी. बिल्डरच्या माहितीपत्रकात ती ‘बे विंडो’ होती, मावशीच्या तोंडी ‘पुढं आलेली खिडकी’ आहे. भिंतीत साडेसात फुटांची मोकळी जागा. तिच्यातून खिडकीची तीन अंगं बाहेर पडतात. मधलं चार फुटांचं, भिंतीला समांतर. दोन्ही बाजूंची अडीच-अडीच फुटांची, पंचेचाळीस अंशांत वळलेली. त्यामुळे खिडकी भिंतीपासून जेमतेम पावणेदोन फूट पुढे येते, पण तेवढ्यात काळ्या कडाप्प्याची एक ऐसपैस बैठक तयार होते. वर सिमेंटचा छज्जा. मधलं अंग उत्तरेला बघतं, उजवं ईशान्येला, डावं वायव्येला. म्हणजे एकाच खिडकीत तीन दिशा, आणि दिशा तीन म्हणजे उजेडही तीन प्रकारचा. ही साधी गोष्ट पडदे शिवून घेणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

उजव्या अंगाला पांढऱ्या मऊ कापडाचा अर्धा पडदा. मधल्या अंगाला पडदाच नाही, वर फक्त मण्यांचं तोरण. डाव्या अंगाला उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा, बाकीच्या दिवसांत बांबूचा चिक. बैठकीवर गोधडी. एवढाच सगळा साज. कुठल्याही दुकानातल्या पडद्यांच्या संचापेक्षा तो स्वस्त आहे, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूला त्या जागी असण्याचं कारण आहे.

हे कारण कळायला खिडकीच्या माहेरी जावं लागतं. अशी पोट पुढे काढलेली खिडकी इंग्लंडमध्ये घरोघरी पोचली ती एकोणिसाव्या शतकात. काचेवरचा अबकारी कर 1845 मध्ये गेला, घराच्या खिडक्या मोजून आकारला जाणारा कर 1851 मध्ये, आणि मोठमोठी तावदानं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या देशात उजेड कमी, सूर्य दक्षिणेला खाली सरकत चालतो, ढगांचं राज्य. अशा ठिकाणी खिडकीने भिंतीतून बाहेर वाकून तिन्ही बाजूंचा उजेड गोळा करायचा, हे अगदी शहाणपणाचं. तिथे खिडकीचं काम उजेड मागण्याचं आहे.

नगरला उजेड मागावा लागत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं हे गाव. पाऊस बेताचा, आकाश वर्षातले कितीतरी महिने स्वच्छ, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार. इथल्या बांधणाऱ्यांनी खिडकी कधी पुढे काढली नाही असं नाही, पण त्यांचा जुना कल खिडकी आत घेण्याकडे होता. याचा सगळ्यात देखणा पुरावा शहराच्या आग्नेयेला, लष्करी हद्दीत उभा आहे: फराहबाग. निजामशाहीतल्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1583 मध्ये पुरा झालेला हा महाल. एकेकाळी तलावाच्या मधोमध होता, आता तलाव कोरडा आहे. आराखडा अष्टकोनी. मावशीच्या खिडकीचा आराखडा म्हणजे अर्धा अष्टकोन, कोन तोच, पंचेचाळीस अंशांचा. पण फराहबागेत दर्शनी बाजू पुढे येत नाहीत, खोल आत जातात. प्रचंड कमान, आणि कमानीच्या आत जणू अर्धी खोलीच कोरून काढल्यासारखी पोकळी. उन्हाची तिरीप त्या पोकळीच्या कडेवर अडते, आत येतो तो भिंतीवरून, चुन्याच्या गिलाव्यावरून परतलेला, निवलेला उजेड. एके काळी पाण्यावरूनही येत असणार. कोन तोच, वृत्ती उलटी.

तीच वृत्ती वाड्यांतही. नगरच्या जुन्या पेठांमध्ये, कापडबाजार-माळीवाडा-तोफखान्याच्या गल्ल्यांत, जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या भिंतींची जाडी बघा. खाली काळा दगड, वर विटा किंवा पांढरी माती, जाडी दोन-तीन फूट. खिडकीची चौकट बाहेरच्या कडेला, गज लावलेली. आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीतच बसायची जागा होते. त्या जागेत पाय वर घेऊन बसलेलं माणूस घरातही असतं आणि रस्त्यावरही. सजावट म्हणाल तर लाकडी कवाडं, त्यांच्या कड्या, कधी वरच्या झडपेत रंगीत तावदानाचा तुकडा. सजवायला वेगळं काही लागत नव्हतं, कारण भिंतीची जाडीच सगळं काम करत होती. ऊन कापायची, वारा वळवायची, आणि बाहेरच्याला आतलं दिसू द्यायची नाही.

पुढे आलेल्या जागाही होत्या, पण त्या लाकडी सज्जाच्या रूपात. सज्जा खोलीला उजेड द्यायला नव्हता, रस्ता बघायला होता. खालून माळीवाड्याच्या विशाल गणपतीची मिरवणूक जायची, मोहरमात कोठल्याच्या बाजूने सवाऱ्या निघायच्या. वरून चिकाच्या आड बसून बायका बघायच्या. चिक हा फार हुशार पडदा आहे. बाहेर उजेड जास्त असेल तर आतून सगळं दिसतं, बाहेरून काही नाही. दिवा लावला की नेमकं उलट होतं, म्हणून संध्याकाळी चिकामागे दिवा ठेवायचा नाही, हा बायकांचा नियम होता.

आता सिमेंटच्या इमारतीकडे या. भिंत सहा इंचांवर आली, आणि वर इंग्रजी पद्धतीची खिडकी पुढे काढली. म्हणजे भिंतीने सोडून दिलेलं काम आणि तीन दिशांचं ऊन, दोन्ही एकदम अंगावर. माझं म्हणणं एवढंच आहे, की नगरमध्ये अशी खिडकी सजवायची म्हणजे तिला गेलेली जाडी परत द्यायची. बाहेर आलेली खिडकी सजावटीने पुन्हा आत घ्यायची. मावशीने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. कोपरगावच्या माहेरी जाड भिंतीतल्या खिडकीत वाढलेल्या बाईला ते आपोआप सुचलं असावं.

उजव्या, ईशान्येच्या अंगापासून वाचायला घेऊ. सकाळचं ऊन याच बाजूने येतं. हिवाळ्यात अगदी तिरकं, थोडा वेळ. उन्हाळ्यात सरळ, नऊ-दहा वाजेपर्यंत. हे ऊन हवंही असतं आणि डोळ्यांवर नकोही असतं. म्हणून पडदा अर्धा. तावदानाच्या बरोबर मध्यावर प्लास्टिकचं आवरण असलेली स्प्रिंगची तार ताणून बसवली आहे, आकड्यांवर. ही तार आमच्या लहानपणी प्रत्येक घरात होती, आता हार्डवेअरच्या दुकानात मागितली की दुकानदार आधी हसतो, मग आतून काढून देतो. तिच्यावर काकांच्या जुन्या धोतराचा पडदा. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन धोतराचं सूत इतकं मऊ आणि विरळ झालेलं असतं, की ऊन त्यातून गाळून येतं, अडत नाही. बाजारातल्या चकचकीत पारदर्शक पडद्यातून येणाऱ्या उजेडाला एक निळसर थंडपणा असतो. याच्यातून येणारा उजेड दुधी असतो, थोडा पिवळसर. धोतराचा काठ खाली ठेवला आहे, म्हणजे शिलाई वाचली आणि पडद्याला वजन मिळून तो वाऱ्यावर फडफडत नाही. बैठकीवर ताठ बसलं की नजर तारेच्या वरून बाहेर जाते. वाकून पेपर वाचायला घेतला की पानावर गाळीव उजेड येतो. तारेची उंची शरीर बघून ठरवली आहे, खिडकी बघून नाही.

मधलं अंग उत्तरेचं. इथे पडदा न लावण्याचा निर्णय मला सगळ्यात धाडसी वाटतो. उत्तरेचा उजेड स्थिर असतो, चित्रकारांना आणि सोनारांना तो आवडतो. त्याच्यावर कापड टाकणं म्हणजे घरात असलेली एकमेव शांत बाजू झाकणं. पण उत्तरेला ऊन येतच नाही ही बिल्डरची समजूत नगरपुरती तरी अर्धीच खरी आहे. शहराचा अक्षांश साधारण 19 अंश. मेच्या मध्याला एक शून्य सावलीचा दिवस येतो, जुलैच्या अखेरीस दुसरा, आणि त्या दोहोंच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर किंचित उत्तरेकडूनच फिरतो. भर दुपारी तो इतका डोक्यावर असतो की छज्जा त्याला अडवतो. सकाळी आणि संध्याकाळी मात्र तो उत्तरेच्या काचेला चाटून जातो. जूनमध्ये ढग आले की संपलं. म्हणजे मेच्या उत्तरार्धातले थोडेच दिवस.

त्याच थोड्या दिवसांसाठी ते तोरण आहे, असं मला वाटू लागलं आहे. काचेच्या नळ्या आणि मणी ओवून केलेलं, मधे दोन पोपट, खाली झुलत्या लडी. अशी तोरणं पूर्वी घरोघरी बायका करायच्या आणि दाराला लावायच्या. दाराला लावलेलं तोरण उजेडाच्या विरुद्ध कधी दिसत नाही, त्याचे मणी नुसते रंगीत ठिपके राहतात. मावशीने ते खिडकीला लावलं आणि मण्यांच्या मागे आकाश आलं. एरवी वर्षभर पोपट हिरवे असतात. मे संपताना सकाळी सातच्या सुमाराला ते पेटतात, आणि कडाप्प्यावर हिरवे-लाल कवडसे पडतात. कडाप्पा काळा आहे म्हणून ते कवडसे दिसतात, पांढऱ्या फरशीवर विरून गेले असते. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवत, त्यांतून येणारा मोतिया उजेडही मी बघितला आहे. तो रोजचा आहे, म्हणून त्याची सवय होते.

डावं अंग वायव्येचं, आणि खरी परीक्षा इथे. उन्हाळ्यातली संध्याकाळची तिरीप, सोबत पश्चिमेकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. इथे मलमल काही कामाची नाही. मार्चअखेर मावशी वाळ्याचा पडदा काढते, मोरीत भिजवून निथळायला ठेवते आणि डाव्या अंगाला बाहेरच्या बाजूने बांधते. बाहेरच्या बाजूने, हे महत्त्वाचं. ऊन काचेतून आत आल्यावर त्याला पडद्याने अडवून फारसा उपयोग नसतो, कारण उष्णता आत आलेलीच असते. काचेच्या बाहेर अडवली तर ती बाहेर राहते. दुपारी दोनदा पाणी मारायचं. हवा कोरडी असल्यामुळे पाणी झपाट्याने उडतं, वारा गार होऊन, वाळ्याचा वास घेऊन आत येतो. मुंबईच्या दमट हवेत हाच पडदा नुसता ओला राहतो आणि बुरशी धरतो. म्हणून ‘पारंपरिक’ म्हणून कुणी दादरच्या फ्लॅटला वाळा लावलेला दिसला की मला त्या वाळ्याची कीव येते. नगरलाही मृगाचे ढग दिसले की तो उतरवावाच लागतो. मग चिक. बांबूच्या काड्या आडव्या, त्यामुळे संध्याकाळचं ऊन भिंतीवर आडव्या रेघांनी उतरतं. खोलीतली ही एकमेव नक्षी, आणि ती रोज सरकते.

आता बैठक. कडाप्पा हा खिडकीत बसायला तसा वाईट दगड. उन्हात तापतो, थंडीत गारठतो. त्यावर मावशीने फोमची गादी केली नाही, गोधडी चौपदरी घालून टाकली. गोधडीत तिच्या आईची नऊवारी लुगडी आहेत. एकेकाळी नगर, भिंगार, संगमनेर ही हातमागाची गावं होती, तिथली लुगडी जिल्ह्याबाहेर जायची. त्यांचा हिरवा आणि डाळिंबी रंग विटला आहे, काठ मात्र टिकले आहेत. गोधडीचे धावदोऱ्याचे टाके मधल्या अंगाला समांतर येतील अशी ती घातली आहे. हे मुद्दाम की सहज, मी विचारलं नाही. उन्हाळ्यात दुमडलेली बाजू वर, थंडीत उलगडून पाय झाकायला. गादी असती तर ती फक्त गादी राहिली असती.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा दिसली. खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिथे अंगं एकशे पस्तीस अंशांत भेटतात, तिथे थोडी-थोडी जागा उघडी आहे. तिथे कापड पोचत नाही, चिकही नाही. पडदेवाले हे कोपरे फार मोठी अडचण मानतात. दांडा कसा वाकवायचा, वळणावर कड्या अडकतात, मग तीन दांडे लावा, तरी मधे फट राहते, मग ती झाकायला वर लाकडाची पेटी आणि झालर. मावशीने फटी तशाच ठेवल्या. दुपारी खोली निवलेली असते तेव्हा त्या दोन फटींतून उजेडाच्या दोन उभ्या रेघा आत येतात. त्या नसत्या तर सावली मंद आणि कोंदट झाली असती. फराहबागेच्या कमानीत आतली पोकळी काळोखी वाटत नाही, त्याचंही कारण कमानीच्या कडेला राहिलेली उन्हाची धार हेच आहे.

याच्या उलट, हल्ली सावेडी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड इथे बघायला मिळतं ते. नऊ फुटांच्या वळशाला दुप्पट कापड, तिन्ही अंगांना तोच भरजरी पडदा, मागे उजेड पूर्ण अडवणारं अस्तर, वर लोखंडी रिंगा. दिवसभर पडदे बंद, आत ट्यूबलाइट चालू, आणि डाव्या अंगाच्या जागी कूलर ठोकलेला. खिडकीने भिंत सोडून बाहेर येण्याचा सगळा खटाटोप अशा घरात फुकट जातो. यात दोष फक्त घरमालकांचा नाही. मुंबईत कितीतरी वर्षं अशा पुढे आलेल्या जागा, फुलझाडांचे कट्टे, कोनाडे चटईक्षेत्रात धरत नसत, म्हणून बिल्डर ते भरपूर काढत आणि ग्राहकाला विकत. 2012 च्या सुरुवातीला नियम बदलला आणि ते चटईक्षेत्रात मोजले जाऊ लागले. तोवर ‘बे विंडो’ ही प्रतिष्ठेची खूण म्हणून लहान शहरांतल्या माहितीपत्रकांत पोचली होती. उजेडाशी तिचा संबंध विकणाऱ्यालाही नव्हता आणि घेणाऱ्यालाही.

खिडकीच्या बाहेरून पिंजऱ्यासारखी जी लोखंडी जाळी बसवतात, तिच्याबद्दल मात्र माझं मत इतकं कडक नाही. सुंदर ती नाही, पण तिच्यात तुळस असते, गवती चहा असतो, उन्हाळ्यात कुरडयांचं ताट असतं, दिवाळीत आकाशकंदील असतो. एका अर्थी भिंतीची गेलेली जाडी लोकांनी लोखंडाने परत मिळवली आहे. मावशीने जाळी लावली नाही, तिसरा मजला म्हणून. तिने लावली ती डासांची जाळी, तीही फक्त उजव्या अंगाला, कारण मधलं अंग तिला चिमण्यांसाठी उघडं हवं होतं. नगरच्या चिमण्यांना साहित्यात जागा आहे. 1942 ते 1945 या काळात नगरच्या किल्ल्यात काँग्रेसचे नेते कैदेत होते, तेव्हा मौलाना आझादांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली. मौलानांनी आधी त्यांना हुसकायचा आटोकाट प्रयत्न केला, हरले, मग दाणे टाकून मैत्री केली. ‘गुबार-ए-खातिर’मध्ये त्यांनी ती हकिकत मोठ्या चवीने लिहिली आहे. मावशीच्या चिमण्या तोरणाच्या लडींना चोचीने ओढतात. दोन लडी तुटल्या आहेत, तिने त्या पुन्हा ओवलेल्या नाहीत.

एक खटकतं ते सांगायलाच हवं. मधल्या अंगाच्या चौकटीला, तोरणाच्या वर, प्लास्टिकच्या झेंडूची माळ आहे. कधीच्या तरी दसऱ्याची. इतक्या विचाराने रंग आवरलेल्या खिडकीत तो भडक नारिंगी रंग घुसखोर वाटतो, आणि उत्तरेच्या स्थिर उजेडात तर जास्तच. शिवाय अकोळनेरसारखं फुलशेतीचं गाव आपल्याच तालुक्यात असताना प्लास्टिकचा झेंडू का, असं मी तिला एकदा म्हटलं. ती गोधडीवर पाय घेऊन शेंगा सोलत होती. “अकोळनेरची फुलं तिसऱ्या मजल्यावर रोज तू आणून देणार असशील तर काढते,” ती म्हणाली. “आणि आणलीस तर पाव किलोच आण, उरलेली मला फेकवत नाहीत.”